फवारणीला जाण्याआधी आपल्या रक्ताचा आकडा

गेल्या वर्षावासात धरणगाव तालुक्यातल्या एका वस्तीच्या विहारात आम्ही आरोग्यावर बोलायला गेलो होतो. वेळ सायंकाळी सातची ठरली होती. साडेसात वाजले तरी समोर बहुतेक माताभगिनी आणि मुलंच होती. वंदना झाल्यावर आठच्या सुमारास पुरुष एकेक करून आले आणि मागच्या भिंतीला टेकून बसले. अंघोळ करून, कपडे बदलून आले होते, तरी औषधाचा उग्र वास त्यांच्याबरोबर आत आलाच. ते दिवस कपाशीवरच्या फवारणीचे होते.

आम्ही विचारलं, फवारणी करून आल्यावर काय त्रास होतो? एक गृहस्थ म्हणाले, "डोकं दुखस, मळमळस. रातले झोपनं का सकायले बरं वाटस." बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुणाचे डोळे चुरचुरतात, कुणाला घाम सुटतो, कुणाच्या हातापायांतली ताकद गेल्यासारखी होते. हे सगळं त्यांनी अगदी सहज सांगितलं, उन्हात काम केलं की तहान लागते तितक्या सहज.

मग आम्ही दुसरा प्रश्न विचारला. फवारणीचं विष अंगात किती भिनलं हे कळण्यासाठी रक्ताची एक तपासणी असते, ती कुणाची झाली आहे का? एकही हात वर झाला नाही. अशी तपासणी असते, हेच कुणी ऐकलं नव्हतं.

या महिन्याचं आरोग्याचं पान त्याच तपासणीबद्दल आहे.

विष काय करतं?

आपण हात उचलतो, श्वास घेतो, डोळा मिटतो, तेव्हा मज्जातंतू स्नायूला निरोप पाठवत असतात. हा निरोप नेणाऱ्या रसायनाचं नाव ॲसिटिलकोलीन. निरोप पोचला की ते रसायन लगेच पुसलं जावं लागतं. फळ्यावर लिहिलेलं पुसल्याशिवाय पुढचं लिहिता येत नाही, तसंच हे आहे. पुसण्याचं काम करणारा पदार्थ आपल्या शरीरातच असतो. त्याला कोलिनेस्टरेज म्हणतात. तो एक विकर आहे, म्हणजे एन्झाइम. त्याचा एक रेणू एका सेकंदात ॲसिटिलकोलीनचे हजारो रेणू तोडतो.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, क्विनालफॉस, ॲसिफेट, डायमेथोएट ही नावं फवारणी करणाऱ्यांना पाठ असतात. ही सगळी सेंद्रिय फॉस्फरस गटातली कीटकनाशकं आहेत. किडीच्या शरीरातलं कोलिनेस्टरेज बंद पाडून ती किडीला मारतात. पण तोच विकर माणसाच्याही शरीरात असतो. विष कातडीतून, श्वासातून किंवा तोंडातून आत गेलं की ते विकराला चिकटून बसतं. मग निरोप पुसला जात नाही, तो साचत जातो. तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी येतं, घाम फुटतो, उलटी-जुलाब होतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. स्नायू फुरफुरतात आणि नंतर लुळे पडतात. छातीत कफ भरतो, श्वास अडतो. मृत्यू बहुतेक वेळा श्वास थांबूनच होतो.

ही झाली एकदम मोठ्या प्रमाणात विष गेल्यावरची गोष्ट. आपल्या वस्त्यांत रोज घडतं ते वेगळं आहे. आज थोडं, परवा थोडं, पुढच्या आठवड्यात आणखी थोडं. दर वेळी काही विकर बंद पडतो. शरीर नवीन तयार करतं, पण तांबड्या पेशींतला विकर फार सावकाश भरून येतो, दिवसाला साधारण एक टक्का. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. तिच्यातला बंद पडलेला विकर बराचसा नवीन पेशी येतील तेव्हाच बदलतो. म्हणजे सकाळी उठून बरं वाटलं, तरी कालची तूट भरून निघालेली नसते. त्या तुटीवर आजची फवारणी होते. अशी तूट साचत गेलेल्या माणसाला एखाद्या दिवशी नेहमीइतक्याच फवारणीनेही एकदम त्रास होऊ शकतो.

हजेरी आणि काम

ही तूट मोजायची कशी? इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. विष चिकटलेला विकर रक्तातून नाहीसा होत नाही, तो तिथेच असतो. फक्त काम करत नाही. हजेरीपटावर दहा मजूर आहेत, पण त्यांतल्या चौघांचे हात बांधलेले आहेत. हजेरी मोजली तर दहाच भरतील. दिवसाअखेर किती काम झालं ते मोजलं तरच खरं कळेल. म्हणून डॉक्टर विकराचं प्रमाण नाही, तर त्याचं काम मोजतात. रक्ताच्या नमुन्यात विकराला तोडायला ठरावीक रसायन द्यायचं आणि ठरावीक वेळात त्याने किती तोडलं ते पाहायचं.

काम पाहण्याचा एक जुना आणि भक्कम मार्ग विजेचा आहे. अमेरिकेतल्या हॅरी मिशेल या शास्त्रज्ञाने १९४९ मध्ये तो मांडला. ॲसिटिलकोलीन तुटलं की त्यातून ॲसिटिक आम्ल तयार होतं, म्हणजे आपल्या व्हिनेगरमधलं आम्ल. जितकं काम जास्त, तितकं आम्ल जास्त. आम्ल वाढलं की द्रावणाचा पीएच खाली येतो. पीएच मोजायला काचेचा इलेक्ट्रोड असतो. त्याच्या टोकाला काचेचा पातळ फुगा असतो आणि द्रावणातल्या आम्लाप्रमाणे तिथे सूक्ष्म विद्युतदाब तयार होतो. मिशेलच्या पद्धतीत तांबड्या पेशी धुऊन घेतात, पीएच ८ च्या आसपास असलेल्या द्रावणात ठेवतात, ॲसिटिलकोलीन घालतात आणि तास-दीड तासाने पीएच पुन्हा बघतात. निरोगी माणसात तासाला साधारण ०.७ ची घट दिसते. विकर बंद पडलेला असेल तर काटा फारसा हलत नाही.

दुसरा मार्ग आणखी जवळचा आहे, कारण त्याचं भावंड आपल्या घराघरांत पोचलं आहे. मधुमेह असलेल्या आजीचं बोट टोचून साखर बघायचं यंत्र तुम्ही पाहिलंच असेल. त्या पट्टीवर एक विकर लावलेला असतो. रक्ताचा थेंब पडला की तो साखरेवर काम करतो, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि पट्टीवरच्या इलेक्ट्रोडमधून अगदी बारीक वीजप्रवाह वाहतो. यंत्र तो प्रवाह मोजून साखरेचा आकडा दाखवतं. अशा विजेवर चालणाऱ्या पट्टीचं पहिलं घरगुती यंत्र १९८७ मध्ये बाजारात आलं.

कोलिनेस्टरेजच्या पट्टीत हीच गोष्ट उलटी करतात. विकर आपल्या रक्तातला असतो आणि पट्टीवर त्याला तोडायचं रसायन लावलेलं असतं. हे रसायन ॲसिटिलकोलीनसारखंच, पण त्यात गंधक असतं. विकराने ते तोडलं की थायोकोलीन तयार होतं. थायोकोलीन इलेक्ट्रोडवर येऊन इलेक्ट्रॉन देतं. जितका विकर जागा, तितका प्रवाह जास्त. अडचण अशी की रक्तातलं युरिक आम्ल आणि क जीवनसत्त्वही इलेक्ट्रोडला इलेक्ट्रॉन देतात, त्यामुळे आकडा फुगू शकतो. म्हणून इलेक्ट्रोडवर खास रसायनांचा थर देतात. त्यामुळे थायोकोलीन कमी दाबालाच ओळखलं जातं आणि बाकीची लुडबुड कमी होते.

आज बहुतेक लॅबमध्ये ही तपासणी रंगावर चालते. १९६१ मध्ये जॉर्ज एलमन आणि सहकाऱ्यांनी ती पद्धत दिली. थायोकोलीनमुळे द्रावण पिवळं होतं आणि यंत्र पिवळेपणा मोजतं. पद्धत उत्तम आहे, पण तिला रक्ताचा लाल रंग आडवा येतो. ज्या प्रकाशात तो पिवळा रंग मोजतात, नेमका तोच प्रकाश हिमोग्लोबिनही जोरात शोषून घेतं. म्हणून रक्तातला पाण्यासारखा भाग, म्हणजे सीरम, वेगळा काढणं किंवा पेशी धुणं असे सोपस्कार करावे लागतात. इलेक्ट्रोडला रंग दिसत नाही. लाल, गढूळ, न गाळलेल्या रक्ताच्या थेंबातही तो प्रवाह मोजू शकतो. म्हणूनच शेताच्या बांधावर, आरोग्य उपकेंद्रात, विहाराच्या ओट्यावर करता येईल अशा तपासणीसाठी शास्त्रज्ञ या मार्गावर इतकं काम करत आहेत. साखरेच्या पट्टीसारखी ही पट्टी अजून गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळत नाही. पण लॅबमधली तपासणी आजही होते, आणि तिचा फायदा घ्यायला पट्टीची वाट पाहायची गरज नाही.

'नॉर्मल' या शब्दाने फसू नका

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

निरोगी माणसांतही हा आकडा सारखा नसतो. एका धडधाकट माणसाचा आकडा दुसऱ्या धडधाकट माणसाच्या दुप्पट असू शकतो. म्हणून लॅबच्या कागदावर 'नॉर्मल' म्हणून जी मर्यादा छापलेली असते, ती फार रुंद असते.

समजा, मर्यादा ५ ते १२ आहे. एका भावाचा स्वतःचा नेहमीचा आकडा ११ होता. दोन महिने फवारणी केल्यावर तो ६ वर आला. कागदावर 'नॉर्मल' येणार. प्रत्यक्षात त्याचा जवळजवळ निम्मा विकर बंद पडला आहे. शेजारच्या भावाचा आकडा जन्मापासूनच ६ आहे आणि त्याला काहीही झालेलं नाही. दोघांच्या कागदांवर आकडा एकच, पण एकजण धोक्यात आहे.

दोघांतला फरक कसा कळेल? हंगामाआधी, औषधाशी संपर्क नसताना काढलेल्या स्वतःच्या आकड्यावरूनच कळेल. म्हणून पहिली तपासणी फवारणी सुरू होण्याआधी करायची. निदान ३० दिवस औषधाशी संबंध आलेला नसावा. जमलं तर काही दिवसांच्या अंतराने दोनदा करून सरासरी काढावी. ही आपली पायाची नोंद. पुढचा प्रत्येक आकडा तिच्याशी ताडून बघायचा.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १९७४ पासून फवारणी कामगारांवर अशी देखरेख आहे. तिथला नियम साधा आहे. आकडा पायाच्या नोंदीच्या ८० टक्क्यांखाली आला की मालकाने कामाची पद्धत तपासायची: हातमोजे फाटलेत का, पंप गळतो का, धुवायला पाणी आहे का. तांबड्या पेशींतला आकडा ७० टक्क्यांवर किंवा त्याखाली, अथवा सीरममधला ६० टक्क्यांवर किंवा त्याखाली आला, तर त्या कामगाराला औषधाच्या कामावरून बाजूला करायचं. आकडा पुन्हा ८० टक्क्यांवर येईपर्यंत त्याला फवारणीवर पाठवायचं नाही.

अमेरिकेतल्याच वॉशिंग्टन राज्यात असा नियम नव्हता. तिथल्या शेतमजुरांनी तो मागितला, सरकारने टाळाटाळ केली, तेव्हा मजूर कोर्टात गेले. २००२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मजुरांच्या बाजूने निकाल दिला आणि २००४ पासून तिथेही रक्ततपासणी सुरू झाली.

आपल्याकडे कायदा काय सांगतो?

हे वाचून कुणी म्हणेल, ही अमेरिकेची गोष्ट, आपल्याकडे कुठे असतं असं? बंधू-भगिनींनो, आपल्याकडेही आहे. आणि वॉशिंग्टनच्या कितीतरी आधीपासून आहे.

१९६८ चा कीटकनाशक कायदा आणि त्याखालचे १९७१ चे नियम पाहा. नियम ३७ वैद्यकीय तपासणीचा आहे. कीटकनाशकांच्या कामात ज्यांचा औषधाशी संबंध येतो, त्यांची कामावर घेण्याआधी वैद्यकीय तपासणी व्हावी आणि नंतरही ठरावीक मुदतीने होत राहावी, असं तो सांगतो. औषध कोलिनेस्टरेज बंद पाडणाऱ्या गटातलं असेल, म्हणजे सेंद्रिय फॉस्फरस किंवा कार्बामेट, तर रक्तातलं कोलिनेस्टरेज निदान महिन्यातून एकदा मोजलं पाहिजे, असंही त्यात स्पष्ट लिहिलं आहे. विषबाधेची लक्षणं दिसलेल्या माणसाची लगेच तपासणी आणि उपचार झाले पाहिजेत, हेही तिथेच आहे. पुढचे नियम संरक्षक कपडे, श्वासासाठीची साधनं आणि प्रशिक्षण यांबद्दल आहेत.

महिन्यातून एकदा! त्या विहारात आयुष्यभर फवारणी केलेले लोक बसले होते आणि कुणाचीही एकदासुद्धा तपासणी झालेली नव्हती.

हे असंच चालू राहिलं तर काय होतं, ते २०१७ मध्ये यवतमाळने पाहिलं. त्या पावसाळ्यात कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. दाट झाडीतून चालत, वर तोंड करून फवारणी करावी लागत होती. शेकडो शेतकरी आणि मजूर रुग्णालयात दाखल झाले आणि एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसं दगावली. सरकारला चौकशी पथक नेमावं लागलं. यवतमाळ आपल्यापासून दूर आहे, पण पीक तेच, कीड तीच, औषधंही तीच. चोपडा, अमळनेर, पारोळा, जामनेर असो की धुळ्याकडचे शिरपूर आणि शिंदखेडा, कपाशीच्या ओळींतून पाठीवर पंप घेऊन चालणारी माणसं बरीचशी आपल्याच वस्त्यांतून जातात. रावेर-यावलकडे केळीवर फवारायला जाणारेही आपलेच. ज्याची स्वतःची जमीन नाही, तो दुसऱ्याचं विष अंगावर घेऊन रोज कमावतो.

तपासणी करायची कशी?

फवारणीचा भर आषाढ ते आश्विन या महिन्यांत असतो, आणि हाच आपला वर्षावासाचाही काळ. ही योगायोगाची जुळणी कामी आणता येईल.

बुद्ध पौर्णिमा ते ज्येष्ठ पौर्णिमा या काळात पायाची तपासणी करून घ्या. उन्हाळ्यात केळीवर किंवा भाजीपाल्यावर फवारणी करत असाल, तर मधे महिनाभर खंड पडेल असा काळ निवडा. वर्षावास सुरू झाल्यावर दर महिन्याला, नाहीच जमलं तर भाद्रपदात आणि आश्विन पौर्णिमेनंतर, पुन्हा तपासणी करा.

डॉक्टरांना सांगायचं, "आम्ही फवारणीचं काम करतो, कोलिनेस्टरेज तपासायचं आहे." जळगाव आणि धुळे, दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, आधी तिथे विचारा. खासगी लॅबमध्ये ही तपासणी 'सीरम कोलिनेस्टरेज' किंवा 'सुडोकोलिनेस्टरेज' या नावाने होते. नमुना बाहेरगावी पाठवला जातो का आणि पैसे किती, हे आधीच विचारून घ्या. सीरममधला आकडा लवकर पडतो आणि काही आठवड्यांत भरूनही येतो. तांबड्या पेशींतला आकडा मज्जातंतूंतल्या स्थितीच्या जास्त जवळचा असतो, पण ती तपासणी थोड्याच ठिकाणी होते. जी मिळेल ती करा, पण पुढच्या प्रत्येक वेळी तीच करा.

काही गोष्टी पाळल्या तरच आकडा खरा येतो.

दर वेळी एकच लॅब आणि एकच पद्धत ठेवा. पद्धत बदलली की मोजमापाचं एककही बदलतं, मग जुना आकडा आणि नवा आकडा ताडता येत नाही.

रक्त देण्याआधी हात साबणाने स्वच्छ धुवा. कातडीवरचं औषध सुईबरोबर नमुन्यात गेलं तर ते नळीतल्या विकरालाही बंद पाडतं.

यकृताचा आजार, कुपोषण किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना सांगा. सीरममधलं कोलिनेस्टरेज यकृतात तयार होतं, त्यामुळे विषाचा संबंध नसतानाही ते कमी येऊ शकतं. ज्याला दारूने यकृताचा त्रास झाला आहे, त्याचा आकडा याच कारणाने कमी येईल.

कागदाची प्रत घरी ठेवा आणि तारीख, आकडा, लॅबचं नाव एका वहीत लिहा.

ही तपासणी फक्त पुरुषांसाठी आहे असं समजू नका. टाकीत औषध कालवणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या आणि संध्याकाळी ते कपडे हाताने धुणाऱ्या आपल्या भगिनींच्या अंगातही तेच विष जातं.

ही तपासणी काय सांगत नाही?

ही तपासणी फक्त सेंद्रिय फॉस्फरस आणि कार्बामेट गटातल्या औषधांबद्दल बोलते. इमिडाक्लोप्रिड, फिप्रोनिल, सायपरमेथ्रिन, डायफेन्थ्युरॉन यांची बाधा झाली तर कोलिनेस्टरेज ठीकच येईल. तणनाशकांचंही तसंच. बाजारात दोन औषधांची मिश्रणंही मिळतात, तेव्हा डब्यावरची नावं वाचणं गरजेचं आहे. कार्बामेटची आणखी एक गोष्ट. त्याची पकड काही तासांत आपोआप सुटते, नळीतल्या रक्तातसुद्धा सुटत राहते. नमुना उशिरा तपासला तर सगळं ठीक असल्याचा भास होतो.

म्हणून आकडा चांगला आला तरी हातमोजे, तोंडाला कापड आणि पूर्ण बाह्यांचा सदरा सोडायचा नाही. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारायचं नाही. तुंबलेलं नोझल तोंडाने फुंकायचं नाही. हात धुतल्याशिवाय तंबाखू मळायची नाही. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग पाहा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. हिरवाही विषाचाच रंग आहे, सगळ्यात सौम्य इतकंच.

आणि रिकामा डबा घरात आणायचा नाही. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं जेवण जेवून २३ मुलं गेली. त्या अन्नात मोनोक्रोटोफॉस होतं. घराच्या एका कोपऱ्यात तेल आणि दुसऱ्या कोपऱ्यात औषध, असं ठेवणाऱ्या प्रत्येक घराने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

त्रास सुरू झाला तर रिपोर्टची वाट पाहू नका

फवारणीनंतर लाळ, घाम, उलट्या, बारीक झालेल्या बाहुल्या, छातीत घरघर किंवा स्नायूंची फुरफुर दिसली, तर तो क्षण तपासणीचा नाही, धावपळीचा आहे. माणसाला शेतातून बाहेर काढा. कपडे उतरवा, अंग साबण-पाण्याने धुवा. धुणाऱ्याने हातात मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घालावी. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर झोपवा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, दूध-तूप पाजू नका. १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा किंवा त्यावरचं लेबल सोबत न्या. ॲट्रोपीन आणि लागेल ती इतर इंजेक्शनं डॉक्टर लक्षणं पाहून लगेच सुरू करतात, रक्ताचा रिपोर्ट नंतर येतो.

बरं वाटलं म्हणून रुग्णाला लगेच घरी आणण्याची घाई करू नका. पहिला झटका ओसरल्यावर एक ते चार दिवसांत मान उचलता न येणं आणि श्वासाचे स्नायू थकणं, असा दुसरा टप्पा येऊ शकतो. डॉक्टर म्हणतील तितके दिवस रुग्णालयातच राहू द्या.

वही उघडू या

त्या दिवशी विहारातून निघताना आम्ही एक कोरी वही तिथे ठेवून आलो. महिला मंडळाच्या ताईंनी तिच्यात रकाने आखले: नाव, तारीख, लॅब, आकडा, कोणतं औषध फवारलं. पहिलं पान कोरंच होतं. फवारणी तेव्हा निम्म्यावर आली होती, त्यामुळे त्या वर्षी पायाची नोंद करणं शक्य नव्हतं. पुढच्या वर्षी ज्येष्ठ पौर्णिमेच्या आत ते पान भरायचं, असं ठरलं.

तुमच्याही विहारात अशी वही ठेवा. एकट्या मजुराने शेतमालकाकडे किंवा आरोग्य केंद्रात जाऊन नियम ३७ सांगितला तर त्याला हसतील, उद्या कामावरही घेणार नाहीत. पण वस्तीतली तीस माणसं तीस आकड्यांची वही घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली, फवारणीच्या हंगामात महिन्यातून एक दिवस रक्ताचे नमुने इथेच घ्या, असा लेखी अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली, तर त्या अर्जाला उत्तर द्यावं लागतं. वीस जणांचे आकडे भाद्रपदात खाली आलेले दिसले, तर ती एकट्याची डोकेदुखी राहत नाही. मग 'ऊन लागलं असेल' म्हणून कुणाला वाटेला लावता येणार नाही.

रोजंदारी बुडेल, लॅबचे पैसे लागतील, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून सगळ्यांची एकदम जमली नाही, तर घरात जो सगळ्यात जास्त फवारणी करतो त्याची तरी आधी करा. मग त्याच्या बरोबर औषध कालवणाऱ्या माणसाची. एक नळी रक्त, आणि वहीत एक आकडा. येत्या ज्येष्ठ पौर्णिमेच्या आत एवढं कराच.

जय भीम!